पाचवी लाट कुठे संपते

लाटकाकांना कुणी काही विचारलं की ते आधी चष्मा पुसत. चष्मा लख्ख असला तरी पुसत. तेवढ्या वेळात उत्तर सुचलं तर ठीक, नाहीतर म्हणत, "बघावं लागेल." पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं त्यांनी आरेखकाची नोकरी केली आणि या दोन शब्दांवर ती निभावून नेली. जमिनीखालून नळ कुठून न्यायचा ते इंजिनिअर ठरवणार, त्याची रेघ हे ओढणार. रेघ अशी देखणी की साहेब लोक कामाचं विसरून ती बघत बसत. पण नळ इकडून नको, तिकडून न्या, असं काही लाटकाका जन्मात कुणाला म्हणाले नाहीत. घरीसुद्धा नाही. पडद्याचा रंगही बायकोनेच ठरवायचा, यांनी फक्त खिळा सरळ ठोकायचा.

तेव्हा अर्थात त्यांना लाटकाका कुणी म्हणत नव्हतं. ते नाव निवृत्तीनंतर साडूंच्या दुकानात चिकटलं.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चौकातल्या बँकेला लागून त्यांचं परकीय चलनाचं दुकान होतं. जाड काचेच्या मागे दोन खिडक्या, आत एक टेबल, बाहेर दारावर लाल आकड्यांचा बोर्ड. परदेशी जाणाऱ्यांना तिकडचं चलन द्यायचं, तिकडून येणाऱ्यांचं घ्यायचं, आणि कुणाला फी वगैरे पाठवायची असेल तर ती पाठवून द्यायची. साडूंना जगात न कळणारी एकही गोष्ट नव्हती. त्यामुळे अर्ज तपासण्यासारखं किरकोळ काम त्यांना जमत नसे, आणि ते करायला त्यांनी लाटकाकांना आणून बसवलं. "घरी बसून गंज चढेल, साडूभाऊ. इथे चार माणसं तरी दिसतील," असं म्हणाले. पगाराचं मात्र पहिल्या दिवशी बोलायचं विसरले.

अर्ज दिवसाला पंधरा-वीस. बाकीचा वेळ हात रिकामा, आणि आरेखकाचा हात रिकामा राहिला की शिवशिवतो. लाटकाकांनी घरून ग्राफ पेपर आणला आणि दर पंधरा मिनिटांनी बोर्डावरचा भाव बघून त्याचा एक ठिपका द्यायला सुरुवात केली. संध्याकाळी ठिपके जोडायचे. यात काही हेतू नव्हता. भाव चढला काय, पडला काय, त्यांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. रेघ सुबक यावी, एवढंच.

मग ते पुस्तक आलं. कुणी गिऱ्हाईक खिडकीवर विसरून गेलं. चार महिने ते टेबलाच्या खणात पडून होतं, न्यायला कुणी आलं नाही. एका कंटाळवाण्या दुपारी लाटकाकांनी ते उघडलं आणि पहिल्याच आकृतीत त्यांना स्वतःची रेघ दिसली.

पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं. भाव सरळ चालत नाही, लाटांनी चालतो, कारण माणसांची हाव आणि भीती अशीच हेलकावे खात असते. ज्या दिशेला जायचं त्या दिशेला तो पाच लाटांत जातो. पहिली, तिसरी, पाचवी पुढे. दुसरी, चौथी थोडी मागे. पाच झाल्या की उलट दिशेने तीन. म्हणून पाचवी लाट कुठे संपते ते ज्याला ओळखता आलं, त्याला भाव आता वळणार हे इतरांच्या आधी कळलं. नियमही होते. दुसरी लाट पहिलीच्या उगमापलीकडे जाता कामा नये, तिसरी सगळ्यांत आखूड असता कामा नये, चौथी पहिलीच्या हद्दीत शिरता कामा नये. नियम म्हटल्यावर लाटकाका खूश. पण मेख अशी की प्रत्येक लाटेच्या पोटात पुन्हा लहान पाच नि तीन लाटा होत्या, आणि त्यांच्या पोटात आणखी लहान. हिला तिसरी म्हणावं की तिसरीच्या पोटातली पहिली, हे पुस्तक सांगत नव्हतं. तिथे पुस्तकही "बघावं लागेल" असंच म्हणत होतं, फक्त जरा लांबण लावून.

लाटकाका बघू लागले. मूळ आलेख खराब होऊ नये म्हणून ते त्याच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघ शाईने उतरवून घेत आणि लाटांचे आकडे त्या ट्रेसिंगवर घालत. ही खात्यातली जुनी रीत. मूळ नकाशाला हात लावायचा नाही, खाडाखोड काय करायची ती नकलेवर.

आणि एके दिवशी चमत्कार झाला. सकाळपासून भाव घसरत होता. उद्या चढेल म्हणून साडू भरपूर चलन विकत घेऊन ठेवायच्या बेतात होते. जाता जाता त्यांनी चेष्टेने विचारलं, "काय साडूभाऊ, तुमच्या रेघोट्या काय म्हणतात?" लाटकाकांनी चष्मा पुसला. मग समोरच्या ट्रेसिंगकडे बघून, स्वतःच्याही नकळत, चक्क म्हणाले, "घेऊ नका. पाच पूर्ण झाल्या. खाली येणार." साडू इतके चकित झाले की त्यांनी खरंच घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी भाव असा कोसळला की शेजारच्या बँकेतली माणसं बाहेर येऊन बोर्ड बघू लागली.

त्या दिवसापासून ते लाटकाका झाले. साडू गिऱ्हाइकांना सांगू लागले, "आमच्या काकांना विचारा. ते लाटा मोजतात." गिऱ्हाइकं विचारू लागली. काका सांगू लागले. काही बरोबर निघालं, काही चुकलं, पण चुकलेलं सांगायला परत येतो कोण? जो येई तो पेढे दिल्यासारखं तोंड करून बरोबर आलेलंच सांगे. लाटकाकांची पाठ ताठ झाली. चष्मा पुसणं कमी झालं. एकदा तर त्यांनी पडदे बदलावेत असं मतही दिलं.

घरात यावर विश्वास ठेवणारी एकच होती, लेक. बायको दवाखान्यात परिचारिका. ती म्हणे, "तापाचे तक्ते मीही रोज भरते. वर जातो, खाली येतो. पण उद्या ताप किती असेल ते आधीच लिहून ठेवत नाही हो." लेक मात्र बापाच्या बाजूने भांडे. तिला लहानपणापासून ठाऊक असलेला बाप कशाचंच उत्तर देत नसे. हा नवा बाप तिला आवडला होता.

याच लेकीला परदेशातल्या एका संस्थेत प्रवेश मिळाला. नद्यांच्या गाळाचा अभ्यास, दोन वर्षांचा. फी तिकडच्या चलनात भरायची, शुक्रवारी दुपारच्या आत. पैसे पोचायला एक दिवस लागतो, म्हणजे गुरुवारी चलन घ्यायलाच हवं. निवृत्तीचे पैसे त्यासाठीच राखून ठेवले होते. त्या शनिवारी जेवणाच्या टेबलावर तिघांनी हिशेब मांडला. शनिवारच्या भावाने फी निघत होती, जायचं तिकीट निघत होतं, आणि पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत घरी येऊन परत जायचं तिकीट जेमतेम निघत होतं.

"सोमवारी दुकान उघडलं की घेऊन टाका," बायको म्हणाली.

लाटकाकांनी चष्मा पुसला नाही. ते म्हणाले, "सोमवारी नको. चढाची पाचवी लाट संपत आली आहे. बुधवारपर्यंत भाव खाली येणार. थांबलो तर वर एक चांगला गरम कोट निघेल. तिकडे थंडी फार."

"कोट माझा जुना नेईल ती," बायको म्हणाली.

"थांबू या ना," लेक म्हणाली. "बाबा म्हणतायत तर थांबू या."

सोमवारी भाव चढला. लाटकाका गडबडले नाहीत. पाचवी अजून संपलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यांनी खोडरबराने पाचाचा आकडा पुसला आणि थोडा वर, नव्या टोकाला लिहिला. मंगळवारी भाव आणखी चढला. आता प्रकरण जरा अवघड झालं. पण पुस्तकात लिहिलं होतं की कधीकधी पाचवी लाट लांबते आणि तिच्या पोटातल्या पाच वेगळ्या मोजाव्या लागतात. त्या मोजल्या तर चारच भरल्या. पुन्हा मोजल्या तर सहा. सहावी लाट नावाचा प्रकारच नव्हता. संध्याकाळी घरी लेकीने विचारलं, "बाबा, उद्या ना?" ते म्हणाले, "उद्या." आणि कोट केव्हाच गेला असून आता तिकिटाला कात्री लागत आहे, हे सांगायचं त्यांच्या जिवावर आलं.

बुधवारी सकाळी बोर्ड लागला तोच आणखी वरच्या आकड्याने. लाटकाकांच्या समोरच्या ट्रेसिंगवर पाचाचा आकडा इतक्या वेळा पुसला गेला होता की कागद तिथे पातळ झाला होता. धीर यावा म्हणून त्यांनी कपाटातून ते जुनं ट्रेसिंग काढलं, चमत्काराच्या दिवसाचं. तो दिवस आणि आजचा दिवस शेजारी ठेवून बघू, सारखेपणा सापडला तर मनाला आधार. नीट बघता यावं म्हणून त्या दिवसाचा मूळ आलेखही काढला आणि ट्रेसिंग त्याच्यावर ठेवलं.

बसेना. रेघेवर रेघ बसेना. मूळ आलेखात भाव खाली खाली जात होता, ट्रेसिंगवर वर वर. तारीख तीच होती, अक्षर त्यांचंच. त्यांनी कागद सरकवला, फिरवला, काही केल्या जमेना. मग सहज म्हणून तो पालथा केला, वरची कड खाली घेऊन. रेघ रेघेवर केसाइतकाही फरक न ठेवता जाऊन बसली.

लाटकाकांनी चष्मा काढून पुसला. हळूहळू त्यांना आठवलं. त्या दिवशी शाईची रेघ उतरवून झाल्यावर कागद पंख्याच्या वाऱ्याने उडून टेबलाखाली गेला होता. तो उचलून त्यांनी पुढ्यात ठेवला, पालथा. रेघेला ना अक्षर ना आकडा, आणि ट्रेसिंग तर दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. आकडे आणि तारीख त्यांनी नंतर घातली. ठिपके देताना भाव कुठल्या दिशेला चालला आहे, तिकडे त्यांचं लक्ष कधी नसेच. म्हणजे घसरणीच्या पाच लाटा त्यांनी चढाच्या म्हणून मोजल्या होत्या. कागद सुलटा असता तर पुस्तकाप्रमाणे ते साडूंना म्हणाले असते, घ्या, आता चढणार. आणि साडू बुडाले असते.

ज्या एका उत्तरावर त्यांची पाठ ताठ झाली होती, ते उत्तर चुकीच्या कागदावरून बरोबर आलं होतं.

चौतीस वर्षांत त्यांनी एकही नकाशा उलटा लावला नव्हता. आता डोकं चालेना. आजचं ट्रेसिंग सुलटं वाचलं तर पुस्तक म्हणत होतं, भाव पडणार, थांब. ते त्यांनी पालथं करून पाहिलं. पालथ्यावरही पाच लाटा तशाच स्वच्छ मोजता येत होत्या, एकही नियम मोडत नव्हता, आणि तो कागद म्हणत होता, चढणार, आत्ताच घे. पुस्तकावर विश्वास ठेवावा तर चमत्कार खोटा. चमत्कारावर ठेवावा तर पुस्तक खोटं. दोन्हीवर ठेवावा तर एकाच वेळी घ्यायचंही आणि थांबायचंही. खिडकीवर एक बाई अर्ज घेऊन उभी होती, तिचा अर्जही त्यांनी एकदा उलटा धरून वाचायचा प्रयत्न केला.

दुपारी त्यांनी साडूंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. साडूंनी ट्रेसिंग हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत दिलं.

"हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंत?"

"नाही. पण आता काय करायचं?"

"काहीच नाही. बरोबर आलं ना? मग झालं. आजपासून पालथा ठेवून मोजा."

"अहो, असं कसं?"

"साडूभाऊ, गिऱ्हाइकाला लाटांशी घेणं नसतं. त्याला ठाम माणूस हवा असतो. तुम्ही ठाम राहा, बाकी भाव बघून घेईल."

साडूंचं दुकान वीस वर्षं कशावर चाललं आहे, ते लाटकाकांना त्या क्षणी कळलं. आपलं घर मात्र कशावर चालवायचं ते कळेना.

संध्याकाळी लेक टेबलावर कागद पसरून बसली होती. तिकडे कुठे राहायचं त्याची यादी करत होती. बायको कामावरून येऊन पाय वर घेऊन बसली होती. लाटकाका आत आले, पिशवी ठेवली आणि उभ्यानेच म्हणाले, "मला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"भाव पडेल की चढेल. मला काहीच माहीत नाही. कधीच नव्हतं." मग त्यांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि एकावर एक ठेवून, पालथा करून दाखवला. बायकोला ते पहिल्या फटक्यात समजलं. तापाचा तक्ता उलटा टांगलेला तिने बघितला होता.

लेकीने कागद स्वतः एकदा पालथा करून पाहिला. मग रागाने तिचा चेहरा लाल झाला. "सोमवारी का नाही सांगितलंत?"

"सोमवारी मला माहीत नव्हतं."

"माहीत नाही, हे माहीत नव्हतं?" ती ओरडली. "बाबा, मी दोन रात्री झोपले नाही. भाव चढताना मलाही दिसत होता. आईला शब्दाने बोलले नाही, कारण तुम्ही सांगितलं होतंत. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही काहीतरी ठाम सांगितलंत, म्हणून मी गप्प बसले!"

लाटकाकांना तिच्याकडे बघवेना. पैशांचं नुकसान त्यांना सोसलं असतं. पण आपण मोठे दिसत होतो ते या मुलीच्या नजरेत, आणि तिथूनच आता उतरलो, याचं दुःख त्यांना आवरता येईना. ते म्हणाले, "चुकलं माझं." हेही ते घरात पहिल्यांदाच म्हणत होते.

बायको उठली. तिने दोघांपुढे पाण्याचे पेले ठेवले आणि म्हणाली, "उद्या सकाळी दुकान उघडलं की घ्यायचं. जो भाव असेल तो. आणि तुम्ही दोघं जाऊन या, मला सकाळपाळी आहे."

गुरुवारी सकाळी बाप-लेक दुकानाच्या पायरीवर उभे होते. बोर्ड लागला, तो बुधवारपेक्षाही वर. लाटकाकांचा हात खिशातल्या चष्म्याच्या फडक्याकडे गेला. पुस्तकाप्रमाणे हेच टोक होतं, हीच पाचवी, आता वळायलाच हवी. आणि पालथ्या कागदाप्रमाणे ही तर नुसती सुरुवात. थांबावं? एक तासभर? दुपारपर्यंत?

"बाबा," लेक म्हणाली, "अर्ज तुम्ही भरा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

त्यांनी अर्ज भरला. अक्षर खरंच चांगलं आलं. फी निघाली, जायचं तिकीट निघालं. सुट्टीच्या तिकिटाचे पैसे भावाच्या फरकात गेले होते. साडूंनी शिक्का मारला आणि आपली दलाली सोडली. एरवी ते असलं काही करत नसत. तरीही तिकीट निघालं नाही. लेक आता गेली की दोन वर्षं पुरी करूनच परतणार होती.

चार वाजता ती संस्थेकडून आलेली पोच दाखवायला दुकानात आली. पैसे जमा झाले होते, एक दिवस आधीच. लाटकाका तिला घेऊन बाहेर आले, तर रस्त्यावर पाच-सहा माणसं बोर्डाकडे तोंड करून उभी. भाव कोसळला होता. बुधवारच्या खाली, सोमवारच्या खाली, शनिवारच्याही खाली. आकडा बदलला की पुन्हा बदलत होता. साडू दारातून म्हणाले, "साडूभाऊ, सुलटाच बरोबर होता की हो तुमचा कागद!" आणि मग लेकीचा चेहरा बघून आत गेले.

लाटकाकांना काहीच उलगडेना. थांबलो असतो तर सुट्टीचं तिकीट होतं, कोटही होता. थांबलो नाही, कारण खरं बोललो. म्हणजे खोटं ठाम राहायला हवं होतं का? पण कालच्या पालथ्या कागदाप्रमाणे भाव आज आभाळाला टेकायला हवा होता, आणि तसा तो टेकला असता तर फीसुद्धा निघाली नसती. मग आपण शहाणपणा केला की मूर्खपणा? हे मोजायचं कुठून? त्यांच्या ओठांशी दोन वर्षं, दोन वर्षं एवढंच येत होतं, आणि बघता बघता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. भर रस्त्यात, गिऱ्हाइकांसमोर.

लेकीने त्यांच्या हातातून चष्मा काढून घेतला आणि ओढणीच्या टोकाने पुसला.

"बाबा, आज पडणार हे तुम्हाला सकाळी माहीत होतं?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. नव्हतं माहीत."

"मग झालं तर." तिने चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला. "मी दोन वर्षांनी येणार. हे मात्र नक्की सांगते. तारीख लिहून घ्या हवी तर."

लाटकाकांनी खरोखरच खिशातून पेन्सिल काढली. कागद सापडेना, म्हणून अर्जाच्या नकलेच्या मागे, आपल्या त्या सुंदर अक्षरात, तिने सांगितली ती तारीख लिहिली. खोडरबर सोबत नव्हतं, आणि ते आणायला ते आत गेले नाहीत.